उपचार संपला म्हणून कार्ड बंद करू नका: खान्देशातल्या कुष्ठरुग्णांबाबत खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग),
जळगाव, धुळे आणि नंदुरबार;
तसेच तिन्ही जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी

सादर नमस्कार.

दर ३१ मार्चला जिल्ह्याचा आकडा निघतो: उपचाराखाली रुग्ण किती आणि दहा हजार लोकसंख्येमागे प्रमाण किती. त्यावर बैठका होतात, तालुक्यांचे क्रम लागतात. खान्देशात कुष्ठरोगाचे नेमके काय चालले आहे, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही. ते कळते ज्यांचा उपचार होऊन गेला त्यांच्या कार्डांवरून, आणि ती कार्डे औषधाचे शेवटचे पाकीट संपले की गठ्ठ्यात बांधली जातात. ती उघडावीत, वाचावीत आणि पुढची कार्डे नीट भरावीत, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

आधी आकड्याबद्दल. एक ते पाच चट्टे, फार तर एक नस बाधित आणि त्वचेच्या नमुन्यात जंतू नाहीत, असा रुग्ण पीबी (कमी जंतूंचा गट). त्याला सहा महिने औषध. सहा किंवा अधिक चट्टे, एकाहून अधिक नसा बाधित किंवा नमुन्यात जंतू सापडलेला रुग्ण एमबी (जास्त जंतूंचा गट). त्याला बारा महिने. आता एखाद्या केंद्रात एप्रिलमध्ये सहा पीबी रुग्ण सापडले तर दिवाळीच्या आत त्यांची औषधे संपतात आणि ३१ मार्चच्या मोजणीत त्यांतला एकही नसतो. तेच सहा जण फेब्रुवारीच्या शोधमोहिमेत सापडले तर सहाच्या सहा मोजले जातात. रोग तेवढाच, आकडा वेगळा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमबीचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला, तेव्हाही एकाही माणसाची लागण न थांबता देशभराचा हा आकडा खाली आला होता. डिसेंबर २००५ मध्ये देशाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली गेले. तरीही २०२३ साली भारतात १,०७,८५१ नवे रुग्ण नोंदले गेले. जगातल्या १,८२,८१५ पैकी ते निम्म्याहून जास्त आहेत.

म्हणून नव्याने सापडलेल्या प्रत्येकाचे कार्ड महत्त्वाचे, आणि त्यातही चार रकाने: वय, लिंग, गट आणि निदानाच्या दिवशीची विकृती.

या रोगाचे जंतू फार सावकाश वाढतात, एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. साठीच्या माणसाला आज चट्टा दिसला तर लागण कधीची, कुठली, हे सांगता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला दिसला तर गेल्या काही वर्षांतच, त्याच घरात किंवा त्याच पाड्यावर, उपचार न घेतलेला एमबी रुग्ण होता किंवा अजून आहे. ज्या उपकेंद्रात पंधरा वर्षांखालचा एक जरी रुग्ण सापडला, तिथे पुढच्या मोहिमेची वाट पाहू नये. त्या पाड्यावरच्या प्रत्येकाची त्वचा महिनाभरात दिवसाच्या उजेडात तपासून व्हावी.

विकृतीचा रकाना उशीर सांगतो. हातापायाची संवेदना गेली पण डोळ्यांना दिसेल असे काही नाही, ती श्रेणी १. बोटे वाकली, पाऊल लोंबले, तळव्याला जखम झाली किंवा पापणी मिटेनाशी झाली की श्रेणी २. नव्या रुग्णांत श्रेणी २ चे शेकडा प्रमाण काढले जाते, पण शोधमोहीम ढिली पडली की साधे चट्टेवाले रुग्ण सापडतच नाहीत आणि हेच प्रमाण फुगते. मोहीम जोरात झाली की ते घटते. म्हणून शेकडा प्रमाणाबरोबर दहा लाख लोकसंख्येमागे श्रेणी २ चे नवे रुग्ण किती, हेही प्रत्येक तालुक्याने मांडावे. लहान मुलात श्रेणी २ आढळली तर त्या एका कार्डावर स्वतंत्र चौकशी व्हावी: पहिला चट्टा कधी दिसला, कोणाला दाखवला, कोणते मलम लावले, आपल्यापर्यंत यायला इतके दिवस का लागले.

पहिला चट्टा कधी दिसला याची तारीख बहुतेक कार्डांवर अंदाजाने पडते, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘किती महिने झाले?’ याला ‘झाले असतील पाच-सहा’ हेच उत्तर मिळणार. आपल्या मुलखात वर्ष महिन्यांनी मोजत नाहीत. चट्टा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा की नंतरचा, श्रावणात कानबाई बसल्या तेव्हा होता का, होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराला गेलात तेव्हा कोणी विचारले होते का, कापूस वेचणीला हात बधिर वाटत होता का, असे विचारले की महिना जवळजवळ नेमका सापडतो. अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणारी आशाताई हे काम पाच मिनिटांत करते. आणि उशिराचे कारणही तिथेच कळते: दुखस नही, खाजस नही, मग दवाखान्यात कशाला जायचे? त्यातून कोडाची भीती वेगळीच. कोड दुधासारखे पांढरे असते आणि तिथे संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टा आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका किंवा लालसर असतो, पांढराफटक कधीच नसतो, आणि बहुधा बधिर असतो. शिबं आणि गजकर्ण यांच्याशीही गल्लत होते. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे मलम लावल्यावर लाली उतरते आणि चट्टा आणखी काही महिने झाकला जातो.

स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच कमी दिसत असेल तर त्या गावात स्त्रियांना रोग कमी आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पाठ, कंबर, मांड्या आणि नितंब कोणी पाहिले, हे आधी विचारावे. स्त्रियांना स्त्रीने आणि पुरुषांना पुरुषाने, आडोशाला पण उजेडात तपासले नाही, तर मोहिमेच्या अर्जावर ‘तपासले’ अशी खूण पडते आणि चट्टा लुगड्याआड राहतो.

आता गटाबद्दल, कारण इथली चूक आता जास्त महाग झाली आहे. पूर्वी पीबीला दोन औषधे आणि एमबीला तीन होती, त्यामुळे पाकिटावरून गट ओळखता येई. एप्रिल २०२५ पासून देशात पीबीलाही रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तिन्ही औषधे आहेत. फरक उरला तो मुदतीचा. कार्डावर गट चुकला तर एमबीच्या माणसाचा उपचार सहाच महिन्यांत थांबतो आणि पाकीट पाहून कोणाला शंकाही येत नाही.

गट चुकतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. नसा चाचपल्या जात नाहीत: कोपराजवळची, मनगटाची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतली आणि मानेवरची. दोन चट्टे आणि दोन जाड नसा असलेला रुग्ण एमबी असतो. फक्त चट्टे मोजणारा त्याला पीबी लिहितो. दुसरे, ज्याला बधिर चट्टा नसतोच तो रुग्ण. कातडी गुळगुळीत, तकतकीत. कानाच्या पाळ्या जाड, भुवया विरळ, अंगावर गाठी. शरीरात सर्वांत जास्त जंतू याच माणसात असतात आणि बधिरपणा शोधणाऱ्या तपासणीतून तोच निसटतो. त्याला कानाच्या पाळीचा त्वचानमुना लागतो. इथे प्रयोगशाळेसाठी एक बारीक पण मोलाची गोष्ट: क्षयाच्या थुंकीला २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरणारा तंत्रज्ञ सवयीने कुष्ठरोगाच्या काचेलाही तेच वापरतो. कुष्ठरोगाच्या जंतूला ते सोसत नाही, त्याचा रंग निघून जातो आणि जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येतो. याला ५ टक्केच आम्ल लागते. दोन बाटल्या वेगळ्या, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून ठेवाव्यात. तेवढ्याने हे टळते.

संवेदनेची आणि स्नायूंच्या ताकदीची तपासणी हा या कार्डाचा जीव आहे, आणि तीच सर्वांत घाईने होते. पहिल्या दिवशीचा तक्ता पुढच्या प्रत्येक खान्यात उतरवलेला असेल तर बारा महिन्यांत काही बिघडले की नाही हे कधीच कळणार नाही. पद्धत अवघड नाही. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून एकदा करून दाखवायचे. मग डोळे मिटायला सांगून तळहातावर आणि तळपायावर ठरलेल्या बिंदूंना बॉलपेनचे टोक हलके टेकवायचे, कातडी जेमतेम दबेल इतकेच, आणि रुग्णाने बोट ठेवून जागा दाखवायची. ‘कळतंय का?’ असे विचारायचे नाही. साहेबांना बरे वाटावे म्हणून माणूस हो म्हणतो. ठरलेल्या दाबाला वाकणारे नायलॉनचे तंतू असतील तर तळहाताला २ ग्रॅमचा आणि तळपायाला १० ग्रॅमचा. सातपुड्यात अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेला जाड घट्टे असतात, तिथे निरोगी माणसालाही पेन कळत नाही. म्हणून घट्ट्याच्या कडेची मऊ जागा निवडावी आणि तसे कार्डावर लिहावे, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा कर्मचारी दुसऱ्या जागी पाहील आणि दोन तक्त्यांची तुलना निरर्थक होईल.

ताकदीसाठी पाच हालचाली: डोळा घट्ट मिटणे, करंगळी बाहेर नेणे, अंगठा तळहातापासून उभा वर उचलणे, मनगट वर उचलणे, पाऊल वर उचलणे. आपण बोटाने विरोध द्यायचा आणि सशक्त, अशक्त किंवा निकामी असे लिहायचे. हे सगळे निदानाला, दर तीन महिन्यांनी आणि उपचार संपताना व्हावे. ज्याला प्रतिक्रिया (जंतूंविरुद्ध शरीरात उसळणारा दाह) आली आहे किंवा ज्याची नस दुखते आहे, त्याचे दर दोन आठवड्यांनी.

दोन आठवडेच का, तर नस निकामी होऊन सहा महिने उलटले की ती परत येण्याची आशा फारच कमी उरते. त्याआधी पकडली तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी पुष्कळदा सुधारते. प्रौढाला रोज सकाळी जेवणानंतर ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर नाही. मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १० आणि ५, असे बारा आठवडे. सुरू करण्याआधी खोकला, साखर आणि रक्तदाब पाहावा, जंतांचे औषध द्यावे. दहा-बारा दिवसांत दुखणे थांबते आणि रुग्ण गोळ्या सोडतो. त्यानंतर हात कमजोर होतो तो बहुतेक कायमचा. कधी कधी नस न दुखता, गुपचूपच निकामी होते. तिला फक्त तक्ता पकडतो. प्रतिक्रिया आली म्हणून कुष्ठरोगाची मूळ औषधे मात्र थांबवायची नाहीत.

या प्रतिक्रिया आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष शरीरात राहतात आणि त्यांच्याविरुद्धचा दाह शेवटच्या पाकिटानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही उसळतो. कार्ड तेव्हा गठ्ठ्यात असते. रुग्ण समजतो की रोग उलटला, आणि पुष्कळदा दवाखान्यातही तसेच समजून पुन्हा बारा पाकिटे दिली जातात, जी त्याच्या नसेला काडीचाही उपयोग देत नाहीत. फरक असा पाहावा: प्रतिक्रिया अचानक येते, जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, कधी ताप आणि दुखऱ्या गाठी येतात, आणि ती प्रेडनिसोलोनने उतरते. रोग उलटणे हळूहळू होते, बहुधा उपचार संपून काही वर्षांनी, नवे चट्टे न सुजता येतात. अशा वेळी नमुना तपासणे आलेच, पण जुन्या नमुन्याचा अहवाल आणि जुना तक्ता हाताशी नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून आमची मागणी आहे: उपचार संपल्यावर पीबीचे कार्ड दोन वर्षे आणि एमबीचे पाच वर्षे चालू ठेवा, सहा महिन्यांतून एकदा तपासणी करा. शेवटचे पाकीट देताना रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी द्या, तिच्यावर लिहा: हात-पाय कमजोर वाटला, डोळा मिटेना, चट्टा सुजला किंवा नस दुखली तर त्याच आठवड्यात यायचे.

औषधांच्या त्रासाबाबत आपल्या भागाची एक खास बाब आहे. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, आणि बाळंतपणे व अपुरे जेवण यांमुळे पंडुरोगही आहे. डॅप्सोन तांबड्या पेशी मोडते. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते त्यांच्यात फारच वेगाने. म्हणून पहिल्या पाकिटाआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची नोंद, महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन. हे कार्डावर नसेल तर ‘गोळ्यांनी अशक्तपणा येतो’ ही गावातली तक्रार खरी की खोटी, हे कोण ठरवणार? डॅप्सोन सुरू झाल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ दिसली तर डॅप्सोन त्याच दिवशी बंद, पुन्हा कधीच नाही, आणि रुग्ण जिल्हा रुग्णालयात. बाकीची औषधे कधी सुरू करायची ते तिथे ठरेल. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, हे मात्र आधीच सांगावे. काळवंडलेला चेहरा पाहून शेजारी विचारू लागतात आणि तरुण मुली गोळ्या लपवून ठेवतात. औषध संपल्यावर हा रंग काही महिन्यांत ओसरतो, हे सासूलाही सांगितलेले बरे.

आणि स्थलांतर. पीबीची सहा पाकिटे नऊ महिन्यांत आणि एमबीची बारा पाकिटे अठरा महिन्यांत संपली पाहिजेत, असा नियम आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, साक्रीतून उसाच्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पीबीच्या रुग्णाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरची पाकिटे घेतली, नोव्हेंबर ते मार्च तो फडावर, परत आल्यावर उरलेली चार एप्रिल ते जुलै. नऊ महिने मे मध्येच संपतात. म्हणजे एकदाही टाळाटाळ न करता हा माणूस ‘अर्धवट उपचार’ या रकान्यात पडतो. एमबीच्या रुग्णाचे, मुदतीत एकच हंगाम आला तर, जेमतेम जमते, पण पाच-सहा महिन्यांचा एक हंगाम गेला की हाताशी जवळजवळ काहीच सवड उरत नाही. उपाय साधा आहे: टोळी निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, केंद्राने चालू रुग्णांपैकी कोण जाणार याची यादी मुकादमाकडून नव्हे तर रुग्णाकडूनच गुपचूप करावी, उरलेल्या महिन्यांची २८ दिवसांची पाकिटे आणि कार्डाची प्रत त्याच्या हाती द्यावी, फडाजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव लिहून द्यावे, आणि घरातल्या एका माणसाला महिन्यातून एकदा घ्यायच्या मोठ्या डोसची तारीख समजावून सांगावी. प्रेडनिसोलोन चालू असलेल्याला मात्र बारा आठवड्यांच्या गोळ्या एकदम देऊन पाठवणे धोक्याचे आहे. त्याला शक्यतो डोस संपेपर्यंत थांबवावे, आणि थांबणे म्हणजे त्या घराची उचल बुडणे, हे ध्यानात घेऊन त्याच्यासाठी रोजगार हमीच्या हलक्या कामाची व्यवस्था पाहावी.

सीमेवरचे रुग्णही असेच हरवतात. गुजरातेतल्या तापी, नर्मदा आणि मध्य प्रदेशातल्या बडवानी, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतला माणूस आपल्याकडे सापडला तर तो ‘बाहेरचा’ म्हणून आपल्या आकड्यातून वगळला जातो आणि तिकडे कळतोच असे नाही. त्याच्या घरच्यांची तपासणी मग कोणीच करत नाही. दर महिन्याला या चार जिल्ह्यांशी नावांची देवाणघेवाण व्हावी.

घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या तपासणीत एक रिफाम्पिसिनचा डोस देण्याचे धोरण आहे, आणि ते योग्य आहे. बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात या एका डोसाने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले. प्रौढाला ६०० मिलिग्रॅम, दहा ते चौदा वर्षांच्या मुलाला ४५०, सहा ते नऊला ३००. दोन वर्षांखाली नाही, गरोदरपणी नाही, कावीळ असेल किंवा क्षयाची लक्षणे असतील तर नाही. डोसाआधी त्वचा तपासलीच पाहिजे, कारण ज्याला रोग आधीच आहे त्याला हा एक डोस म्हणजे उपचार नव्हे. फडावर एका कोपीशेजारच्या कोपीत सहा महिने राहणारी टोळी हीदेखील संपर्कातलीच, ती आपल्या याद्यांत नसते. आणि रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय शेजाऱ्यांना ‘तुमच्याकडे कुष्ठरोग निघाला’ हे कळता कामा नये. आख्ख्या गल्लीची त्वचातपासणी म्हणून गेले की नाव उघड होत नाही.

काम कुठून सुरू करावे तेही सांगतो. गेल्या पाच वर्षांत उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांची कार्डे प्रत्येक केंद्राने काढावीत आणि एका वहीत प्रत्येकासाठी एकच ओळ लिहावी: वय, स्त्री की पुरुष, पाडा, पीबी की एमबी, चट्टा दिसल्यापासून निदानापर्यंतचे महिने, मोहिमेत सापडला की स्वतः आला, विकृतीची श्रेणी सुरुवातीला आणि शेवटी, प्रतिक्रिया आली का, प्रेडनिसोलोन पूर्ण झाले का, हंगामाला जातो का. जिथे शेवटची श्रेणी सुरुवातीपेक्षा वाईट आहे, ती ओळ लाल शाईने. रिकामा रकाना अंदाजाने न भरता रिकामाच ठेवावा, तोही काही सांगतो. मग आखाजी ते मृग या काळात, टोळ्या घरी असताना आणि नदीनाले कोरडे असताना, या प्रत्येक माणसाच्या घरी जाऊन हात, पाय आणि डोळे पुन्हा तपासावेत. तळवे बधिर असलेल्याला वर्षाला मऊ रबराच्या एमसीआर चपलांचे दोन जोड, त्याच्या पायाच्या मापाचे. बोटे वाकलेली पण सांधे अजून मोकळे असलेल्याचे नाव पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या यादीत; तिच्यासाठी रुग्णाला १२,००० रुपये मिळतात हे त्याला घरीच सांगावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा स्वतंत्र प्रवर्ग आहे, तेव्हा जो पात्र ठरतो त्याचा प्रमाणपत्राचा अर्ज त्याच भेटीत भरून घ्यावा.

ही वही तिन्ही जिल्ह्यांनी जूनच्या मासिक बैठकीत एकमेकांसमोर ठेवावी आणि त्यातले आकडे, नावे वगळून, जाहीर करावेत. तक्ते तपासायला, कर्मचाऱ्यांना पेनची आणि स्नायूंची तपासणी शिकवायला आणि घरोघरी सोबत यायला आम्ही तयार आहोत. कोणत्या केंद्रापासून सुरुवात करायची तेवढे कळवावे.

आपले,
कुष्ठरोगाच्या कामातले सहकारी,
खान्देश